यंत्रापुढील जाबजबाब

यंत्राला मनुष्याने प्रश्न विचारावेत आणि यंत्राने निमूटपणे त्यांची उत्तरे द्यावीत, असा जो करार या उभयतांमध्ये आरंभी झाला होता, तो केव्हा उलटला आणि कोणाच्या सहीने उलटला, याचा दाखला कोणत्याही दप्तरात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज हा इंग्रज गणिती आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यांत गढून गेलेला असताना पार्लमेंटच्या सभासदांनी त्याला दोन वेळा असे विचारले होते की, यंत्रात आकडे चुकीचे घातले तर उत्तरे बरोबर येतील काय. आणि असा प्रश्न कोणत्या प्रकारच्या वैचारिक गोंधळातून उद्भवत असावा याचा आपल्याला अंदाजच करता येत नाही, असे त्याने १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवले. बॅबेज भाग्यवान होता, कारण त्याच्या काळी विचारणारी माणसे होती आणि गप्प बसणारे यंत्र होते. आज विजेचे बिल भरावयास बसलेल्या गृहस्थाला, रेल्वेचे तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्तिवेतनाची चौकशी करणाऱ्या वृद्धाला यंत्र प्रथम पिंजऱ्यात उभे करते आणि मग जाबजबाब सुरू होतात. आपण कोण? कशावरून? हे आपणच काय? आपण मनुष्यच आहात ना? खुनाच्या आरोपीलादेखील निदान वकील देण्याची तजवीज कायद्याने केलेली आहे. गॅसचा सिलिंडर नोंदवणाऱ्याला ती सवलत नाही.

या जाबजबाबांचे मर्म मला उलगडून दाखवले ते आमच्याच इमारतीत राहणाऱ्या तात्यांनी. मामलेदार कचेरीत उभी हयात घालवून तात्या अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. कोणत्या अर्जदाराला कोणत्या क्षणी कोणता प्रश्न विचारला असता तो बरोबर आठ दिवसांनी पुन्हा येईल, याचे त्यांचे ज्ञान इतके सूक्ष्म होते की, नवे उमेदवार त्यांच्या टेबलाशेजारी नुसते बसून कामकाज शिकत. सबंध तालुक्याला प्रश्न विचारून झाल्यावर उतारवयात स्वतःवर उत्तरे देण्याची पाळी आली, तेव्हा ते खचून जातील अशी घरच्यांना धास्ती होती; प्रत्यक्षात त्यांनी यंत्राकडे एका मुरलेल्या सहकाऱ्याच्या कौतुकाने पाहिले. ‘‘अहो, तुम्ही त्याच्यावर उगाच चिडता,’’ ते मला म्हणाले. ‘‘त्याला तुमचे उत्तर नकोच आहे. त्याला रकाना भरलेला हवा आहे. मी जन्मभर दुसरे काय केले?’’

पहिला रकाना परवलीच्या शब्दाचा. रात्री गडाचे दरवाजे बंद झाल्यावर बाहेरून आलेल्याने तो शब्द उच्चारावा आणि पहारेकऱ्याने दिंडी उघडावी, ही वहिवाट जुनीच. ती गणकयंत्राला लागू करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील फर्नांडो कोर्बाटो यांना देण्यात येते. १९६० नंतरच्या त्या वर्षांत एकच अवाढव्य यंत्र अनेक संशोधकांना वाटून घ्यावे लागे, आणि एकाचे कागद दुसऱ्याने चाळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या नावे एक गुप्त शब्द असे. व्यवस्था निर्दोष होती. उणीव एवढीच की, ती माणसांसाठी होती. आठवड्याला मिळणारे चार तास पुरत नाहीत म्हणून ॲलन शेर या संशोधकाने १९६२ साली सर्वांच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावावर तो खुशाल कामाला बसू लागला. आणि १९६६ साली तर दोन फायलींची अदलाबदल होऊन, यंत्रासमोर येईल त्याला दिवसाच्या सूचनेऐवजी समस्त मंडळींच्या गुप्त शब्दांची यादी वाचावयास मिळाली.

पुढे या शब्दाला सोवळे चढले. त्यात एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एक चमत्कारिक चिन्ह हवे आणि ठरावीक मुदतीने तो बदलावयास हवा, असे जे फर्मान जगभरच्या कचेऱ्यांतून निघाले, त्याचे मूळ बव्हंशी २००३ साली बिल बर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेत होते. निवृत्त झाल्यानंतर, २०१७ साली, या गृहस्थांनी आपल्या त्या सल्ल्यापैकी बऱ्याचशा भागाबद्दल आपल्याला पश्चात्ताप होत असल्याचे एका वृत्तपत्राला सांगितले, आणि त्याच वर्षी खुद्द संस्थेनेही आपला आग्रह मागे घेतला. परंतु हुकूम जारी झाल्याची वार्ता ज्या वेगाने तालुक्यापर्यंत पोहोचते, त्या वेगाने तो रद्द झाल्याची पोहोचत नाही, हे तात्यांना कोणी सांगावयास नको होते.

मराठी माणसाने या फर्मानाचे पालन भक्तिभावाने केले. इष्टदेवतेचे नाव घ्यावे, त्यातील पहिले इंग्रजी अक्षर मोठे करावे, पुढे ते शेपटीवाले वाटोळे चिन्ह बसवावे आणि शेवटी एक-दोन-तीन हे आकडे जोडावेत, की शब्द सिद्ध होतो. मुदत भरली की तिनाचे चार होतात आणि देव तोच राहतो. तात्यांनी आपले यच्चयावत शब्द स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या पाठीमागे, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहेत. हे चोराच्या दृष्टीस पडले तर काय, असे मी विचारले असता ते शांतपणे म्हणाले, ‘‘चोर स्वयंपाकघरापर्यंत आला, तर तो आधी डबे उघडील. शिवाय कारकुनी अक्षर लावण्याचा त्याला सराव नसतो.’’ खरी पंचाईत होते ती शब्द विसरल्यावर. तर्काने चारदोन शब्द घालून पाहावेत, यंत्राने ते नाकारावेत, अखेर त्याने नवा शब्द मागावा, आपण विचारपूर्वक एक अगदी नवा म्हणून योजावा आणि त्यावर यंत्राने कळवावे की, हा तर आपला जुनाच शब्द आहे, तो पुन्हा चालणार नाही. अशा रीतीने ज्याचा अर्धा तास शोध चालला होता तो शब्द सापडतो खरा, पण बाद झाल्यानंतर.

स्मरणशक्तीची ही कसोटी याहूनही कठोर व्हावयाची होती. एका गृहिणीमुळे ती थोडी सौम्य झाली. शिलाँग येथे जन्मलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांनी १९६७ साली लंडनच्या एन्फिल्ड भागात बँकेच्या भिंतीत पैसे देणारे यंत्र बसवले, तेव्हा आपल्या लष्करी क्रमांकाच्या धर्तीवर सहा आकड्यांचा गुप्त क्रमांक ठेवण्याचा त्यांचा मनसुबा होता. तो त्यांनी स्वयंपाकघरात पत्नीच्या कानावर घातला, तेव्हा आपल्या ध्यानात चारच आकडे राहतात असा निर्वाळा बाईंनी दिला, आणि चार आकडे जगातील बहुतेक भिंतींवर कायम झाले. ज्यांनी आपले शोध घरात न विचारता जगापुढे मांडले, त्यांची फळे आपण भोगीत आहोतच.

‘आपण कोण’ याचा असा निकाल लागल्यावर ‘आपण कोणाचे’ हा प्रश्न येतो. परवलीचा शब्द विसरणाऱ्याची ओळख पटवण्यासाठी यंत्राने काही गुप्त प्रश्न योजून ठेवले आहेत, आणि त्यांतील सर्वांत मानाचा म्हणजे, आपल्या मातोश्रींचे माहेरचे आडनाव काय? पाश्चात्त्य देशांत ही बाब गोपनीय मानली जात असेल. आपल्याकडे ती लग्नाच्या परिचयपत्रात ‘मामांचे कूळ’ या शीर्षकाखाली, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रक्तगट आणि नोकरीचा पत्ता यांच्या जोडीने, संपूर्ण अनोळखी घरांत मोठ्या आशेने पाठवली जाते. उरलेला पुरावा कोणाला हवाच असेल तर तो आगगाडीत समोरच्या बाकावर बसलेला प्रवासी कर्जत येण्यापूर्वी काढून घेतो. दुसरा प्रश्न लहानपणीच्या पाळीव प्राण्याच्या नावाचा. ज्या प्रांतात मांजर म्हटले की मनी आणि कुत्रा म्हटला की मोती, त्या प्रांतात हे गुपित किती काळ टिकावे? अर्थात या बाबतीत आपण एकटेच उघडे पडलो आहोत असे नाही. २००८ साली अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सेरा पेलिन यांची खाजगी टपालपेटी एका विद्यार्थ्याने उघडली, ती त्यांची जन्मतारीख, पोस्टाचा विभागक्रमांक आणि पतीची प्रथम भेट जेथे झाली ते ठिकाण एवढ्याच माहितीच्या जोरावर. आणि ही सर्व माहिती जाहीर होती. निवडणुकीला उभे राहणारी व्यक्ती आणि लग्नाला उभी राहणारी व्यक्ती यांच्यापाशी गुपित उरत नाही, हा धडा यंत्राने त्यानंतर हळूहळू गिरवला.

त्यातून तिसरा प्रश्न जन्मला. आपण सांगता ते सर्व खरे, परंतु या घटकेला हे आपणच सांगत आहात काय? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डावर होणाऱ्या घरबसल्या खरेदीला दुसरी खात्री सक्तीची केली, आणि तिचे जे रूप घरोघर रुळले त्याला लहानथोर सर्वजण ओटीपी म्हणतात. या आकड्यासारखा दुर्दैवी जीव दुसरा नसेल. ‘मला कोणासही सांगू नका’ अशी सक्त ताकीद कपाळी घेऊन तो जन्मास येतो आणि काही मिनिटांचे त्याचे आयुष्य एकमेकांना सांगितले जाण्यातच सरते. कारण बिल वडिलांच्या हाती, वडील कराडात, खात्याला जोडलेला फोन मुलाच्या खिशात आणि मुलगा हिंजवडीत, अशी बहुतेक कुटुंबांची वाटणी झालेली असते. साताऱ्याच्या एस.टी.त माझ्या पुढच्या बाकावरील एका आजोबांना हा आकडा आला आणि पलीकडे पुण्यात बसलेल्या नातवाला तो कळवणे प्राप्त झाले. ‘‘लिही, एकोणसाठ!’’ आजोबा गाडीच्या घरघरीवर आवाज चढवून म्हणाले. नातवाला एकोणसाठ कळेना. ‘‘अरे, साठाला एक कमी!’’ त्याने साठ आणि एक लिहिले. आजोबांनी पुढची जोडी सांगितली ती नेमकी एकोणऐंशी. अखेर वाहकानेच तिकिटे फाडता फाडता, ‘‘फाइव्ह नाइन, सेव्हन नाइन, पुढे काय आहे, काका?’’ अशी मध्यस्थी केली. शेवटची जोडी मागच्या बाकावरील एका बाईंनी चश्मा नीट करून वाचून दाखवली, आणि सबंध गाडीला तोंडपाठ झालेला तो गुप्त आकडा नातवाने मुदतीच्या आत भरला. व्यवहार सुरक्षित पार पडल्याचा संदेश आला, तोही आजोबांनी मोठ्याने वाचला.

येथवरचे प्रश्न निदान माणसांना विचारण्याजोगे होते. चौथा प्रश्न मात्र असा आहे की, तो ऐकून आपले पूर्वज काठी घेऊन धावले असते. आपण मनुष्य आहात काय? ॲलन ट्युरिंग याने १९५० साली आपल्या सुप्रसिद्ध निबंधात एक कसोटी सुचवली होती. तीत प्रश्न विचारणारा मनुष्य होता आणि पडद्याआडून उत्तर देणारे यंत्र आहे की माणूस, एवढेच त्याने ओळखावयाचे होते. पन्नास वर्षांनी, २००० च्या सुमारास, कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम, लुइस व्हॉन आन आणि त्यांचे सहकारी यांनी परीक्षकाच्या खुर्चीवर यंत्राला बसवले आणि परीक्षार्थी म्हणून उभी मनुष्यजात हजर केली. प्रथम वेडीवाकडी अक्षरे वाचावयास देत. पुढे चौकोनी चित्रे आली. यांतील सिग्नल कोणते, ते दाखवा. आता सिग्नलच्या खांबाला सिग्नल धरावे की न धरावे, आणि शेजारच्या चौकोनात डोकावणारी त्याची एक तसूभर कड हिशेबात घ्यावी की सोडावी, असा सूक्ष्म वाद येथे उपस्थित होतो, आणि न्यायशास्त्राच्या अध्ययनाची परंपरा खंडित झाल्याची खंत पहिल्यांदाच वाटू लागते. शिवाय ज्या सिग्नलकडे आमच्या चौकात कोणी ढुंकूनही पाहत नाही, तो ओळखता येण्यावर आपले मनुष्यत्व अवलंबून असावे, हा न्याय स्थानिक रूढीला धरून नाही.

या परीक्षेत एक वेठबिगारही दडलेली होती. २००७ साली जी सुधारित आवृत्ती निघाली, तीत दोन शब्द वाचावयास देत. एकाचे उत्तर यंत्राला ठाऊक असे आणि दुसरा जुन्या छापील मजकुरातून उचललेला, यंत्राला न लागलेला असे. अशा रीतीने स्वतःला माणूस सिद्ध करणाऱ्या असंख्य लोकांकडून ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जुने अंक फुकटात वाचून घेण्यात आले. तात्यांना ही हकीकत मी सांगितली तेव्हा त्यांचे डोळे आदराने विस्फारले. अर्जदाराला ताटकळत बसवून त्याच्याकडूनच रजिस्टरात रेघा मारून घ्याव्यात, ही कल्पना त्यांना सबंध नोकरीत सुचली नव्हती.

मान्यतेच्या प्रश्नाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण त्याचे उत्तर देताना प्रश्न कोणी वाचतच नाही. अटी आणि शर्ती यांचा लांबलचक दस्तऐवज समोर उलगडतो, बोट थेट तळाशी जाते आणि ‘मान्य आहे’ म्हणून मोकळे होते. १ एप्रिल २०१० रोजी गेमस्टेशन या ब्रिटिश दुकानाने आपल्या शर्तींत, गिऱ्हाइकाने आपला अमर आत्मा दुकानाच्या हवाली करावा, असे एक कलम घातले आणि सुमारे साडेसात हजार गिऱ्हाइकांनी ते बिनतक्रार मंजूर केले. दुकानाने पुढे हे आत्मे परत केले. कोऱ्या स्टॅम्प कागदावर अंगठा उठवून घेणारा आपल्याकडील सावकारदेखील जमिनीपलीकडे कधी गेला नव्हता.

अंगठ्याची गोष्ट निघालीच आहे, तर त्याचा पुनर्जन्मही नोंदवला पाहिजे. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने, कंत्राटदाराने पुढे शब्द फिरवू नये म्हणून, सहीच्या जोडीला त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला, आणि कालांतराने बोटांचे ठसे कारभारात मान्यता पावले. सही येत नाही त्याने अंगठा उठवावा, अशी कचेरीची रीत पडली. ‘अंगठेबहाद्दर’ ही त्या बिचाऱ्यांची कुचेष्टा झाली. आणि तो डाग पुसण्यासाठी गावोगावच्या साक्षरता वर्गांत कंदिलाच्या उजेडात म्हाताऱ्याकोताऱ्यांनी स्वतःचे नाव गिरवले. त्यानंतर २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले, आणि आता पदवीधर, वकील व प्राध्यापक रांगेत उभे राहून आपला अंगठा काचेवर दाबतात. त्यातही न्याय पाहा, पुस्तकांची पाने उलटणाऱ्याचा अंगठा यंत्राला चटकन पटतो. नांगर धरून, भांडी घासून ज्याच्या रेषा झिजल्या त्याला ते पुन्हा दाबा, पुन्हा दाबा असे फर्मावते.

हे सर्व वाचून मनुष्याला प्रश्नांचाच तिटकारा आहे असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी एलायझा नावाची एक आज्ञावली जाहीर केली. ती बोलणाऱ्याचेच वाक्य थोडे फिरवून त्याला परत विचारी; तुम्हाला असे का वाटते, आणखी सांगा, इतकाच तिचा व्यासंग. वायझेनबाउम यांच्या चिटणीस बाईंना हा सगळा देखावा आहे हे पक्के ठाऊक होते; तरीही चार वाक्ये होताच त्यांनी साहेबांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. पुरावा न मागता केवळ विचारपूस केली, तर मनुष्य यंत्रालादेखील मनातले सांगतो. पण विचारपुशीचा रकाना कोणत्याच नमुन्यात नसतो.

उलट, अखेरचा प्रश्न आहे तो याच्या दुसऱ्या टोकाचा. आपण हयात आहात काय? निवृत्तिवेतन घेणाऱ्याने दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा, ही प्रथा कागदाच्या काळातली. तात्यांनी स्वतः तो दाखला समोर उभ्या असलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षे मागितला होता. ‘‘एकदा एक म्हातारा म्हणाला, रावसाहेब, मी हा तुमच्या पुढ्यात उभा आहे की! मी म्हटले, बाबा, तुम्ही उभे आहात, ते मला दिसते. पण फायलीला कसे दिसावे?’’ केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही व्यवस्था सुरू केल्यापासून ही साक्ष यंत्रापुढे देता येते, आणि पुढे तर फोनसमोर नुसता चेहरा धरण्याचीही सोय झाली. समोर छायाचित्र नसून सजीव माणूस आहे याची खात्री पटावी म्हणून यंत्र डोळे मिचकावण्यास सांगते.

गेल्या नोव्हेंबरात हा विधी तात्यांच्या गॅलरीत पार पडला, तेव्हा मी हजर होतो. तात्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि हात मांडीवर ठेवून ते साक्षीदाराच्या गांभीर्याने बसले. सूनबाईंनी फोन समोर धरला. ‘‘तात्या, डोळे मिचकवा म्हणतंय.’’ उभ्या नोकरीत ज्यांनी कोणाला डोळा घातला नव्हता, त्या तात्यांनी एकवार डोळे मिटले आणि उघडले. यंत्राचे समाधान झाले नाही. चश्मा काढून झाला, खुर्ची उजेडाकडे फिरवून झाली, पाठीमागे वाळत घातलेला टॉवेल उचलून झाला. तात्या न कंटाळता, कसलेल्या माणसाकडून काम शिकून घ्यावे अशा एकाग्रतेने मिचकावत राहिले. शेवटी फोनवर हिरवी खूण उमटली आणि तात्या आणखी एका वर्षापुरते जिवंत ठरले. सूनबाई फोन खाली ठेवणार, इतक्यात त्यावर आणखी एक प्रश्न आला: आपला अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.

‘‘कसला अनुभव?’’ तात्यांनी विचारले.

‘‘जिवंत असल्याचा असेल,’’ सूनबाई म्हणाल्या. ‘‘पाच देऊन टाकू का?’’

‘‘छे, छे! तीन दे,’’ तात्या चश्मा डोळ्यांवर चढवीत म्हणाले. ‘‘पाच दिले, तर अर्जदाराचे समाधान झाले असा शेरा मारून प्रकरण निकालात काढतील. तीन दिले, म्हणजे फाईल चालू राहते.’’